जॉयस्टिक बिघडली आणि वॉरंटी शिल्लक आहे

धावपट्टी समोर दिसते आहे, वेग बरोबर आहे, हात स्थिर आहे, आणि तरीही विमानाचं नाक झटक्यात डावीकडे वळतं. पुढच्या क्षणी ते आपोआप सरळ होतं. घरी फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. जॉयस्टिक असो, योक असो, थ्रॉटल असो की रडर पेडल, ही सगळी सतत हलणारी यंत्रं. त्यांचे सांधे, तारा, सेन्सर झिजतात; काही वेळा तर वस्तू कारखान्यातूनच सदोष येते. वॉरंटी शिल्लक असेल तर ती विनाखर्च दुरुस्त व्हायला हवी. प्रत्यक्षात मात्र अनेकांची वस्तू ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येते, नाहीतर महिना-दीड महिना नुसत्या ईमेलच्या फेऱ्यांत जातो.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोष नेमका कोणता, तो कधी दिसतो आणि कोणत्या संगणकांवर दिसतो, हे ग्राहकाने दाखवून दिलेलं नसतं. वॉरंटीच्या दाव्यातलं निम्मं काम वस्तू घराबाहेर पडण्याआधीच करायचं असतं, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या कामाबद्दल आहे.

हा केवळ खेळण्याचा प्रश्न आहे असं समजू नये. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली तेव्हा लोक टाळेबंदीमुळे घरात होते आणि अनेकांनी पहिली जॉयस्टिक त्याच काळात घेतली. त्यात हौशी मंडळी होती तसे वैमानिक होऊ पाहणारे विद्यार्थीही होते. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे उड्डाणाचं प्रशिक्षण घेणारी मुलं खोलीवर बसून सर्किट, चेकलिस्ट, उपकरणांवरचं उड्डाण यांचा सराव करतात. घरच्या सिम्युलेटरवरचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, पण हाताला आणि पायाला लागलेली सवय खरी असते. रडर पेडल मधूनच उजवीकडे ओढत असेल, तर तो दोष सावरण्याची खोड पायाला लागते आणि खऱ्या विमानात ती मोडावी लागते. शिवाय पैसाही थोडाथोडका नसतो. साधी जॉयस्टिक काही हजारांत मिळते, पण चांगला योक, थ्रॉटल आणि पेडल असा संच जमवला की आकडा सहज पन्नास हजारांच्या पुढे जातो.

आधी संगणकाची बाजू तपासा

तक्रार नोंदवण्यापूर्वी दोष खरोखर यंत्राचा आहे ना, हे पाहून घ्या. सिम्युलेटरच्या बाबतीत फसगत होण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे एकाच कामासाठी दोन उपकरणं नेमली जाणं. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर नवं उपकरण जोडलं की त्याला स्वतःहून एक ठरावीक जोडणी देतो. डीसीएस वर्ल्डही तसंच करतो. तुमच्याकडे जॉयस्टिक आणि पेडल दोन्ही असतील, तर जॉयस्टिकच्या मुठीची पिळण आणि पेडल हे दोन्ही रडरला जोडलेले असू शकतात. तुम्ही पेडल दाबता, जॉयस्टिक मात्र ‘रडर मध्यावर’ असं सांगत राहते, आणि पडद्यावर रडर थरथरतं. टेबलाच्या कडेला पडलेला, काडी थोडी सरकलेला गेमपॅडही हाच घोळ घालतो. तेव्हा संशयित उपकरण सोडून बाकी सगळी उपकरणं काढून ठेवा आणि मग पाहा.

दुसरी पायरी म्हणजे सिम्युलेटर पूर्ण बंद करून विंडोजची स्वतःची चाचणी उघडायची. कळफलकावर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. त्यातून आपलं उपकरण निवडून गुणधर्म उघडले की एका चौकोनात अधिकचं चिन्ह दिसतं, बाजूला इतर अक्षांच्या पट्ट्या आणि बटणांचे लाल दिवे. काडी अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. चिन्ह सलग सरकलं पाहिजे. मधेच उडी मारत असेल, हात सोडल्यावर मध्याला येत नसेल, किंवा शेवटच्या टोकाला पोचतच नसेल, तर दोष सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये नाही. इथे सगळं सुरळीत दिसत असेल आणि त्रास फक्त सिम्युलेटरमध्येच होत असेल, तर संवेदनशीलतेचे आलेख, डेड झोन आणि वैमानिकाला मदत करणारे पर्याय तपासा. आपोआप रडर सांभाळणारा पर्याय चालू असला की पेडल बिघडल्यासारखं वाटतं.

वीजपुरवठा हे तिसरं ठिकाण. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. स्वतंत्र अडॅप्टर नसलेल्या हबवर चार उपकरणं लावली की तेवढीच वीज चौघांत वाटली जाते. ज्या थ्रॉटलवर भरपूर दिवे असतात, ती अशा वेळी न दाबलेली बटणं दाबल्याचं सांगू लागते. उपकरण थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून पाहा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची परवानगी असते, ती काढून टाका. दहा-पंधरा मिनिटं न हलवलेली जॉयस्टिक ‘झोपी’ जात असेल, तर कारण बहुतेक तिथेच सापडतं.

यानंतर उपकरण दुसऱ्या संगणकावर लावा. शेजाऱ्याचा लॅपटॉप चालेल, कॉलेजमधल्या मित्राचा चालेल. सर्व्हिस सेंटरकडून पहिला प्रश्न हाच येणार आहे, त्यामुळे उत्तर तयार असलेलं बरं. कॅलिब्रेशन नव्याने करून बघा. फर्मवेअरही नवं टाका, पण ते लॅपटॉपवरून टाका किंवा यूपीएस असेल तरच डेस्कटॉपवरून. फर्मवेअर अर्धं गेलेलं असताना वीज गेली तर उपकरण जागचं हलत नाही, आणि मग मूळ दोष बाजूला राहून नवाच वाद उभा राहतो.

आत काय बिघडतं

हे माहीत असलं की तक्रार नीट लिहिता येते. बऱ्याच स्वस्त आणि काही महागड्या उपकरणांतही अक्षाची जागा मोजायला पोटेन्शिओमीटर असतो, बाजारात त्याला नुसतं ‘पॉट’ म्हणतात. कार्बनच्या पट्टीवरून एक बारीक धातूची पट्टी घासत जाते आणि तिच्या जागेनुसार व्होल्टेज बदलतं. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर यायची ती याच भागातून. कार्बन झिजला, धूळ बसली किंवा दमट हवेने संपर्क खराब झाला, की आकडा उड्या मारतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात महिना-दोन महिने न वापरलेलं उपकरण पहिल्या दिवशी असं वागतं आणि चार-सहा वेळा पूर्ण फिरवल्यावर शांत होतं. ते शांत झालं म्हणून तक्रार सोडून देऊ नका. झिजलेली पट्टी परत भरून येत नाही.

हॉल सेन्सरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. हलणाऱ्या भागावर चुंबक असतो, स्थिर भागावर चिप, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. त्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न उरत नाही. जाहिरातीत ‘हॉल सेन्सर’ वाचून अनेकांना वाटतं की आता हे उपकरण बिघडणारच नाही. तसं नसतं. चुंबकाचा गोंद सुटतो आणि मध्यबिंदू सरकतो. मुठीकडे जाणाऱ्या बारीक तारा प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात आणि एके दिवशी आतून तुटतात. मग काडी एका विशिष्ट कोनात नेली की बटणं मरतात आणि परत आणली की जिवंत होतात. शेजारी मोठा स्पीकर किंवा चुंबकी फोनस्टँड असेल तरी मापन बिघडू शकतं, तो आधी दूर करा.

एकाच उपकरणात दोन्ही पद्धती असू शकतात, हेही लक्षात घ्या. थ्रस्टमास्टरच्या टी १६००० एम या लोकप्रिय जॉयस्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहे, पण मुठीच्या पिळणीला पॉट आहे. म्हणून ‘जॉयस्टिक खराब आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘पिळणीचा अक्ष मध्यावर असताना उड्या मारतो, मुख्य दोन अक्ष ठीक आहेत’ असं लिहिलं, तर समोरच्या तंत्रज्ञाला नेमका कोणता भाग बदलायचा ते वाचताक्षणीच कळतं.

आत डोकावण्याचा मोह मात्र वॉरंटी संपेपर्यंत आवरा. अमेरिकेत ‘स्टिकर फाटला तर वॉरंटी रद्द’ अशी अट घालणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये ताकीद दिली होती. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. दिशा चांगली आहे. पण आज तुमची वस्तू काउंटरवर असताना उघडलेल्या स्क्रूवरून वाद झाला, तर तो वाद तुम्हालाच लढायचा आहे. बाहेरून ब्लोअरने धूळ उडवणं आणि कोरड्या फडक्याने पुसणं इतकंच करा. संशय म्हणून कॉन्टॅक्ट क्लीनर फवारू नका. दोष तात्पुरता दबतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये वस्तू धडधाकट निघते.

पुरावा कसा जमवायचा

मधूनच येणारा दोष हा या सगळ्यातला अवघड प्रकार. आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याचा योक साधारण वीस मिनिटं उड्डाण झालं की डावीकडे ओढू लागायचा. त्याने तो सर्व्हिस सेंटरला दिला. तिथे तंत्रज्ञाने जोडला, दोन मिनिटं फिरवला, सगळं ठीक दिसलं आणि वस्तू परत आली. दुसऱ्या वेळी त्याने फोन स्टँडवर लावून अर्ध्या तासाचं सलग चित्रीकरण केलं. चौकटीत एका बाजूला योक, त्यावर हात नाही, दुसऱ्या बाजूला विंडोजची चाचणी आणि कोपऱ्यात संगणकाचं घड्याळ. एकविसाव्या मिनिटाला चिन्ह मध्यापासून सरकायला लागलेलं स्पष्ट दिसत होतं. योकवरच त्याने कागद चिकटवला: ‘कृपया वीस मिनिटं चालू ठेवून मग तपासा.’ या खेपेला आतलं सर्किट बदलून मिळालं.

तुमचं चित्रीकरणही असंच असू द्या. हात, उपकरण आणि पडदा एकाच चौकटीत हवेत, कारण फक्त पडद्याचं चित्रीकरण पाहून हात हलला की नाही हे कळत नाही. सुरुवातीला उपकरणाच्या तळाशी असलेला अनुक्रमांक जवळून दाखवा. मधे काटछाट करू नका. सिम्युलेटरमधलं विमान दाखवण्याचा फारसा उपयोग नसतो; ‘वारा असेल’ असं उत्तर येऊ शकतं. साधी दोन-तीन मिनिटांची फीत पुरते, दोष उशिरा येत असेल तर लांब चालेल, फक्त कोणत्या मिनिटाला काय दिसतं ते सोबत लिहा.

त्याबरोबर बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याचा फोटो खरेदीच्याच दिवशी काढा, त्यावरची अक्षरं वर्षभरात उडतात. खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. जागेची अडचण सगळ्यांनाच असते, पण योकसारखी वेडीवाकडी वस्तू नव्याने पॅक करणं फार जिकिरीचं जातं.

कोणाचं दार ठोठवायचं

नवी वस्तू असेल तर आधी विक्रेता. ऑनलाइन खरेदीत बदलून देण्याची मुदत अनेकदा सात किंवा दहा दिवसांचीच असते. म्हणून खोका उघडल्यापासून दोन दिवसांच्या आत प्रत्येक अक्ष, प्रत्येक बटण, प्रत्येक दिवा तपासून टाका. परीक्षा आहे, पाहुणे आहेत म्हणून खोका तसाच पडून राहतो आणि सोपा रस्ता बंद होतो. या मुदतीत विक्रेता वस्तू बदलून देतो. नंतर तोच माणूस ‘कंपनीशी बोला’ म्हणतो.

मुदत उलटली की आयातदार शोधा. ही उपकरणं जवळजवळ सगळी परदेशातून येतात, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या आयात वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं २०११ च्या वैधमापन आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. हा पांढरा स्टिकर बहुतेक लोक पाहतही नाहीत. वॉरंटीच्या दृष्टीने खोक्यावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. स्टिकर नसेल, तर वस्तू आडमार्गाने आलेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि भारतातलं अधिकृत सेवा केंद्र तिला हात लावायला नकार देऊ शकतं. दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळते म्हणून अशी वस्तू घेणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की ते पैसे वॉरंटीच्या बदल्यात वाचलेले असतात.

अमेरिकेतल्या मावशीने आणलेली किंवा दुबईहून येताना घेतलेली जॉयस्टिक असेल तर वॉरंटी कोणत्या देशात लागू आहे ते पत्रकात पाहा. पुष्कळ कंपन्या खरेदीच्या देशातच सेवा देतात. अशा वेळी तक्रार तिथल्या नातेवाइकाच्या नावाने आणि पत्त्यावरून करणं व्यवहार्य ठरतं. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष आढळला तर तो मुळातच नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. लंडन किंवा म्युनिकला राहणाऱ्या वाचकांनी कंपनीच्या ईमेलची वाट पाहत बसण्याआधी दुकानदाराकडे हा हक्क मागावा.

पत्र

तक्रार ईमेलने करा. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून दोन ओळी पाठवून ठेवा. मजकूर इंग्रजीत लिहिला तरी त्याचा सांगाडा असा असावा:

‘मी अमुक मॉडेल, अनुक्रमांक अमुक, तमुक तारखेला तमुक विक्रेत्याकडून घेतलं. बिल सोबत आहे. गेल्या महिन्यापासून डाव्या पेडलचा ब्रेक-अक्ष पूर्ण सोडल्यावरही शून्यावर येत नाही. दहा ते पंधरा टक्क्यांवर राहतो. दोन वेगळ्या संगणकांवर, हबशिवाय, सिम्युलेटर बंद ठेवून तपासलं. कॅलिब्रेशन आणि नवं फर्मवेअर केलं. फरक पडला नाही. चित्रफीत जोडली आहे. उपकरण उघडलेलं नाही, पडलेलं नाही. कृपया वॉरंटीखाली दुरुस्ती किंवा बदली द्यावी आणि परतीचा क्रमांक व वस्तू घरून नेण्याची सोय कळवावी.’

यात राग नाही, मागचा इतिहास नाही, आणि पहिल्या उत्तरात जे पाच प्रश्न येतात त्यांची उत्तरं आधीच आहेत. एवढं केलं तरी काही वेळा साचेबंद उत्तर येतं: ड्रायव्हर पुन्हा टाका, दुसरा पोर्ट वापरा. चिडू नका. ‘हे केलं आहे, परिच्छेद अमुक पाहा, पुढची पायरी सांगा’ असं उत्तर त्याच साखळीत द्या. दर वेळी नवी तक्रार उघडलीत तर नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

काही लहान कंपन्या पूर्ण यंत्र मागवण्याऐवजी सुटा भाग पाठवतात आणि तो कसा बसवायचा ते सांगतात. स्क्रूड्रायव्हरची भीती नसेल तर हा पर्याय जरूर घ्या, विशेषतः आठ-दहा किलोच्या पेडलसाठी. फक्त ‘आमच्या सूचनेनुसार उघडल्यास वॉरंटी कायम राहील’ हे वाक्य लेखी मिळवा आणि मगच स्क्रूला हात लावा.

पाठवताना

काढता येणारे भाग काढा, थ्रॉटलच्या दांड्या मध्यावर आणून कागदी टेपने बांधा, योकचा दांडा आत ढकलून ठेवा. चारही बाजूंनी दोन इंच तरी फोम हवा. चिकटपट्टी थेट प्लास्टिकवर लावू नका. परतीचा क्रमांक खोक्याच्या बाहेर आणि आतही लिहा. आत दोषाची एक पानी चिठ्ठी ठेवा, कारण तुमचा ईमेल वाचणारा आणि तुमचं उपकरण उघडणारा हे वेगळे असतात. सोबतच्या वस्तूंची यादी करून खोका बंद होतानाचा फोटो काढा. क्लॅम्प, जादा स्प्रिंग, केबल मागितल्या नसतील तर पाठवू नका. त्या हमखास गहाळ होतात.

खर्च कोण करणार हे आधी विचारा. विमानाने जाणाऱ्या कुरिअरमध्ये वजनापेक्षा आकारमान महाग पडतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. ६० बाय ४० बाय ३५ चा योकचा खोका अशा हिशेबाने सतरा किलोच्या जवळ जातो, आतली वस्तू सहा किलोची असली तरी. कंपनी आपला माणूस पाठवत असेल तर तेच घ्या. स्वतः पाठवायचं झालं तर पूर्ण किमतीचा विमा उतरवा.

वस्तू परदेशी कारखान्यात पाठवायची वेळ आली तर कागदांकडे दुप्पट लक्ष द्या. दुरुस्तीसाठी भारताबाहेर पाठवलेली तीच वस्तू परत आली, तर सीमाशुल्क तिच्या पूर्ण किमतीवर न लावता दुरुस्तीचा वाजवी खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं एवढ्यावरच लावण्याची तरतूद २०१७ च्या अधिसूचना क्रमांक ४५ मध्ये आहे. पण वस्तू तीच आहे हे पटवावं लागतं, म्हणजे जातानाच्या कागदांवर ‘दुरुस्तीसाठी निर्यात’ असं आणि अनुक्रमांकही लिहिलेला हवा. कंपनीने जुनी ठेवून नवी पाठवली तर ही सवलत धरता येत नाही. बदलीपेक्षा दुरुस्ती मागणं इथे फायद्याचं ठरू शकतं, आणि हे पाठवण्याआधीच ठरवावं लागतं.

परत आलेला खोका चित्रीकरण करत उघडा, अनुक्रमांक जुळवा आणि त्याच दिवशी सगळे अक्ष पुन्हा तपासा. वेगळं युनिट आलं असेल तर नवा अनुक्रमांक आणि उरलेली मुदत ईमेलवर लिहून घ्या. कोणता भाग बदलला हेही विचारा. तोच दोष परत आला तर हा कागद कामाला येतो.

टोलवाटोलवी सुरू झाली तर

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची जुनी ओळख आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. आज कायदा आहे आणि तो पुरेसा भक्कम आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ई-कॉमर्सच्या नियमांनुसार ऑनलाइन मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. पोच आली नाही तर ते लगेच लिहून विचारा.

पुढची पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो, ती कंपनीकडे जाते, आणि कितीतरी प्रकरणं इथेच मिटतात, कारण आता तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचलेली असते. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, विक्रेता बेंगळुरूचा असला तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती ओलांडू देऊ नका. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो, नुकसानभरपाईही देऊ शकतो. तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेतली तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. व्यवहारात जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल टाका. तीन हजारांच्या जॉयस्टिकसाठी मी हेल्पलाइनपर्यंत जाईन. चाळीस हजारांच्या योकसाठी आयोगापर्यंत जाण्यात काहीच अवघडल्यासारखं वाटू नये. प्रशिक्षण संस्थेने व्यवसायासाठी उपकरण घेतलं तर मात्र हा कायदा तिला ‘ग्राहक’ म्हणून सहसा धरत नाही, तिथे खरेदीच्या करारातच सेवेच्या अटी घालाव्या लागतात.

मुदत संपल्यावर

वॉरंटी संपली म्हणून यंत्र भंगारात काढू नका. आधी कंपनीला सशुल्क दुरुस्ती विचारा. नसेल तर पॉट बदलणं हे सोल्डरिंग येणाऱ्या कुणालाही अर्ध्या तासाचं काम आहे आणि भाग शंभर रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. जाताना जुना पॉट सोबत न्या, किंवा निदान त्यावर छापलेला क्रमांक फोनमध्ये टिपून घ्या. रोध तेवढाच हवा, प्रकार रेषीय हवा, कारण आवाजासाठीचा पॉट बसवला तर अर्ध्या वाटेवर काहीच होत नाही आणि शेवटी एकदम सगळं होतं. दांड्याची लांबी, त्याचा छेद गोल आहे की इंग्रजी डीसारखा, आणि पायांमधलं अंतर हेही जुळलं पाहिजे. दोन घ्या, एक बसवताना तापून बिघडला तर पुन्हा फेरी नको.